सावंतवाडीच्या लाकडी हत्तींची जोडी: कान जमले, पाठ राहिली

सावंतवाडीच्या चितार आळीतील एका दुकानात लाकडी हत्तींची एक जोडी विक्रीस असते. त्यातील एक हत्ती आफ्रिकी आणि दुसरा आशियाई म्हणून घडवलेला आहे, आणि दोघांमधील शारीरिक फरक सांगणारे मराठीत छापलेले कार्ड जोडीसोबत मिळते. किंमत 1,800 रुपये आहे. दोडामार्ग तालुक्यातील ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते, त्या शाळेसाठी मी ही जोडी घेतली. तिच्याबद्दलचे माझे मत आधीच सांगून टाकते: आशियाई हत्ती उत्तम साधला आहे, इतका की प्राणिशास्त्राच्या वर्गात तो निःशंकपणे वापरावा, आफ्रिकी हत्ती मात्र आहे त्या स्थितीत घेऊ नये, कारण मोठे कान लावलेला तो आपलाच हत्ती आहे. दुकानदाराकडे मागणी नोंदवून सुधारलेला आफ्रिकी हत्ती करून घेता येतो, आणि तसा केला तर या जोडीइतके चांगले शैक्षणिक खेळणे या किमतीत मला दुसरीकडे दिसलेले नाही.

आमच्या भागात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. 2002 पासून कर्नाटकातील जंगलांतून हत्ती दोडामार्ग तालुक्यात येऊ लागले आणि तिलारी खोऱ्याच्या परिसरात त्यांचा वावर आता नित्याचा झाला आहे. केळीच्या बागा, माड, पोफळी आणि भातशेती यांचे नुकसान सोसणाऱ्या घरांतील मुले माझ्यासमोर बसतात. चिखलातला पाय पाहून हत्ती कोणत्या दिशेने गेला हे त्यांना सांगता येते, आणि 'टस्कर' हा शब्द त्यांना पाठ्यपुस्तकातून शिकवावा लागत नाही. असे असूनही चित्र काढायला सांगितले की हीच मुले पंख्याएवढे कान आणि मधोमध खाली दबलेली पाठ असलेला हत्ती काढतात, कारण लहानपणापासून हाताळलेली चित्रांची पुस्तके आणि बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची जनावरे बहुतेक आफ्रिकी हत्तीचीच असतात, किंवा अर्धी इकडची अर्धी तिकडची असतात. डोक्यावर दोन उंचवटे, कान आफ्रिकी आणि पाठ सपाट, असा कोणत्याच खंडात न सापडणारा प्राणी मी बाजारात अनेकदा पाहिला आहे. त्यामुळे दोन्ही हत्ती शेजारी शेजारी ठेवून दाखवण्याची कल्पना मुळातच चांगली आहे.

घडणीबद्दल थोडक्यात. सावंतवाडीची जुनी खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडाची असत. ही जोडीही पांगाऱ्याचीच आहे. सोंड, चार पाय आणि धड एकाच ठोकळ्यातून काढले असून कान आणि सुळे वेगळे करून बसवले आहेत. पॉलिश पेपर नीट मारलेला आहे, कुठे कूस लागत नाही, आणि रंगावर वॉर्निशचा हात दिल्यामुळे ओल्या फडक्याने पुसता येते. खांद्यापाशी आशियाई हत्तीची उंची 15 सेंटीमीटर आणि आफ्रिकी हत्तीची 18 सेंटीमीटर भरते. प्रत्यक्षात आशियाई नराची उंची खांद्यापाशी सरासरी 2.75 मीटर आणि वजन सुमारे 4 टन असते, तर आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील नर सरासरी 3.2 मीटर उंच आणि सुमारे 6 टन वजनाचा असतो. म्हणजे दोघांमधील उंचीचे प्रमाण कारागिराने जवळजवळ बरोबर राखले आहे, आणि ही गोष्ट महागड्या प्लॅस्टिकच्या संचांतही क्वचित पाळलेली दिसते.

आता आशियाई हत्ती. त्याच्याकडे समोरून पाहिले की प्रथम लक्षात येते ते कपाळ. आशियाई हत्तीच्या डोक्यावर दोन स्पष्ट उंचवटे असतात आणि त्यांच्या मधून एक खोलगट पन्हळ खाली उतरते, हीच कुंभस्थळे. कारागिराने ती पटाशीने इतकी नेमकी काढली आहेत की डोळे मिटून अंगठा फिरवला तरी दोन्ही बाजू वेगळ्या लागतात. शरीराचा सर्वांत उंच बिंदू डोक्याच्या माथ्यावर आहे, आणि तो तिथेच असायला हवा. माथ्यापासून पाठीकडे गेले की मानेपाशी किंचित उतार लागतो, मग पाठ कमानीसारखी वर येते आणि शेपटीकडे उतरते. आशियाई हत्तीची पाठ अशी बाहेर फुगलेली किंवा फार तर सपाट असते, आणि पोटाची खालची रेषा जमिनीला साधारण समांतर जाते किंवा मधोमध थोडी उतरते. या हत्तीत पाठ, पोट आणि माथा या तिन्ही रेषा बरोबर आहेत.

कानांच्या बाबतीत कारागिराने मोह आवरला आहे, याचे मला विशेष कौतुक वाटते. कोकणात हत्तीचे मुख म्हटले की डोळ्यांपुढे गणपती येतो, आणि मूर्तीचे कान सुपाएवढे करण्याची हाताला सवय झालेली असते. या हत्तीचे कान मात्र लहान असून खांदा झाकत नाहीत, त्यांचा वरचा काठ मानेच्या वर जात नाही, आणि तो काठ किंचित पुढच्या बाजूला दुमडलेला आहे. आशियाई हत्तीचा कान वय वाढते तसा वरच्या काठाला पुढे दुमडत जातो. आफ्रिकी हत्तीत हीच दुमड मागच्या बाजूला असते. एवढी बारीक गोष्ट लाकडात दाखवण्याची गरज कुणी त्याला सांगितली होती असे वाटत नाही, त्याने ती कुठेतरी नीट पाहिली असावी. त्याहूनही देखणी गोष्ट रंगात आहे. कानाच्या काठावर, सोंडेच्या वरच्या भागावर आणि कपाळाच्या खालच्या बाजूला कुंचल्याच्या टोकाने बारीक गुलाबट ठिपके दिलेले आहेत. आशियाई हत्तीच्या कातडीतील रंगद्रव्य जागोजागी कमी होते आणि त्या ठिकाणी असे गुलाबी डाग दिसू लागतात. आफ्रिकी हत्तीत ते सहसा दिसत नाहीत. ठिपके सारख्या अंतरावर न देता कुठे दाट, कुठे विरळ दिले आहेत, त्यामुळे ती नक्षी वाटत नाही, कातडीच वाटते.

सोंडेचे टोक हा या खेळण्याचा सर्वांत अवघड भाग, कारण तिथे लाकूड बोटाच्या पेराएवढे उरते. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला वरच्या बाजूने एकच बोटासारखा उंचवटा असतो. वस्तू उचलताना तो त्या बोटाने ती सोंडेच्या खालच्या काठाशी दाबून धरतो, किंवा गवताची पेंढी असेल तर सोंडेचा विळखा घालून ओढतो. खेळण्यात हे एकुलते बोट नीट दिसते. ते सोंडेच्या आतल्या वळणात घेतल्यामुळे सहजी मोडणार नाही, आणि त्यामागे कारागिराचा अनुभव दिसतो. खालचा ओठही आशियाई हत्तीला शोभेल असा लांबट आणि निमुळता आहे.

आशियाई हत्तीला सुळे दिलेले आहेत, म्हणजे हा टस्कर आहे, आणि त्यात काही गैर नाही. आशियाई हत्तींमध्ये मोठे सुळे फक्त नरांना येतात आणि तेही सर्व नरांना येत नाहीत. बिनसुळ्यांच्या नराला मखना म्हणतात. श्रीलंकेत तर सुळे असलेल्या नरांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी आहे. हत्तिणींना असलेच तर अगदी आखूड सुळे असतात आणि ते बहुधा ओठाबाहेर फारसे दिसत नाहीत. दुकानाने या जोडीसोबत एक आशियाई हत्तीण आणि पिल्लूही काढावे असे मला मनापासून वाटते, कारण कळप म्हटला की मुलांना आधी तीच दिसते.

आता आफ्रिकी हत्तीकडे वळते, आणि इथे मला कठोर व्हावे लागेल. त्याचे कान उत्तम आहेत. आफ्रिकी हत्तीचा कान खरोखर प्रचंड असतो; तो खांद्यावर येतो, त्याचा वरचा काठ मानेच्याही वर चढतो आणि खालचे टोक गळ्याच्या बरेच खाली उतरते. त्या पातळ कातडीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, कान हलवला की वाहणारे रक्त थंड होते आणि एवढ्या मोठ्या देहातील उष्णता बाहेर टाकली जाते. उघड्या गवताळ प्रदेशात, जिथे सावली कमी, तिथे राहणाऱ्या 6 टनांच्या प्राण्याला एवढे कान का लागतात हे मुलांना या खेळण्यावरून चांगले समजावता येते. कारागिराने कानाच्या मागच्या बाजूला शिरांच्या बारीक रेषा कोरून त्यांत गडद रंग भरला आहे, आणि कान वेगळ्या पातळ फळीचा असल्याने तो थोडा बाहेर उघडलेल्या स्थितीत बसवता आला आहे. इथपर्यंत सारे छान आहे.

पण कान झाकून बघावे. मी मुलांना हेच करायला सांगितले: दोन्ही हत्तींच्या कानांवर कागद धरा आणि उरलेल्या शरीरावरून कोणता कुठला ते ओळखा. कुणालाच ओळखता आले नाही, आणि त्यात मुलांचा दोष नव्हता. दोन्ही धडे एकाच फर्म्यावरून कापलेली आहेत. आफ्रिकी हत्तीसाठी तो फर्मा फक्त मोठा केला आहे. त्यामुळे आफ्रिकी हत्तीच्या कपाळावरही दोन उंचवटे आले आहेत, माथा खांद्याहून उंच राहिला आहे आणि पाठ कमानीसारखी वर आली आहे. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आफ्रिकी हत्तीचे डोके एकाच गोलाईचे असते, त्यावर मधली पन्हळ नसते, आणि बाजूने पाहिले तर कपाळ मागे कललेले, उतरते दिसते. शरीराचा सर्वांत उंच बिंदू साधारणपणे खांद्यापाशी असतो. खांद्यापासून मागे गेले की पाठ स्पष्टपणे खाली उतरते आणि पुन्हा कमरेपाशी वर येते, म्हणजे पाठीच्या मधोमध एक खळगा तयार होतो. पोटाची रेषाही पुढच्या पायांपासून मागच्या पायांकडे तिरकी खाली जाते. ही सारी ठेवण सांगाड्याचीच आहे. हत्ती रोड झाला किंवा लठ्ठ झाला तरी ती बदलत नाही. लांबून, धुळीत किंवा संध्याकाळच्या उजेडात, जेव्हा कान अंगाला चिकटलेले असतात आणि रंग ओळखू येत नाही, तेव्हा बाह्यरेखेवरूनच दोघांना वेगळे करता येते. म्हणूनच मला वाटते की मुलांना शिकवताना कानाच्या आधी पाठ शिकवली पाहिजे. कान ही सहज दिसणारी खूण खरी, पण तेवढीच एक खूण ठेवली तर मुलाच्या मनात आफ्रिकी हत्ती म्हणजे मोठ्या कानांचा हत्ती एवढेच उरते, आणि किमान 50 लाख वर्षांपूर्वी ज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या ते दोन वेगळे प्राणी आहेत ही मूळ गोष्ट हातातून निसटते. जनुकीय अभ्यासानुसार आशियाई हत्ती आफ्रिकी हत्तीपेक्षा नामशेष झालेल्या मॅमथला अधिक जवळचा आहे. इतके हे अंतर मोठे आहे.

सोंडेच्या टोकाचीही तीच गत. आफ्रिकी हत्तीला तिथे दोन बोटे असतात, एक वर आणि एक खाली, आणि त्या दोहोंच्या मध्ये धरून तो लहानशी शेंगसुद्धा उचलू शकतो. खेळण्यात मात्र एकच बोट आहे. सोंडेवरील वळ्या आफ्रिकी हत्तीत अधिक ठळक असतात, त्या इथे कानशीने आडव्या रेषा मारून दाखवल्या आहेत आणि त्या चांगल्या वठल्या आहेत. कातडीच्या सुरकुत्याही आशियाई हत्तीपेक्षा जास्त खोल काढल्या आहेत, तेही योग्यच. आफ्रिकी हत्तीची कातडी खूपच अधिक भेगाळलेली असते आणि त्या भेगांत पाणी आणि चिखल टिकून राहिल्याने अंग थंड राहण्यास मदत होते. सुळे लांब आणि पुढे वळलेले आहेत. नखांमध्ये पुन्हा घोटाळा आहे: दोन्ही हत्तींच्या आठही पायांवर पाच-पाच नखे पांढऱ्या रंगात काढली आहेत. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाला साधारणपणे पाच आणि मागच्या पायाला चार नखे असतात, क्वचित मागेही पाच असतात. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील हत्तीला बहुधा पुढे चार आणि मागे तीन. हा आकडा प्रत्येक प्राण्यात थोडाफार बदलू शकतो, म्हणून मी याला मोठी चूक मानत नाही, पण नखे केवळ रंगाने काढायची असल्याने दुरुस्ती करायला काही खर्चही नाही. शेपटीबद्दल सांगण्यासारखे काही नाही. दोन्हीकडे काथ्याचा झुपका लावला आहे आणि तो घट्ट बसलेला आहे.

सोबतच्या कार्डाबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पालक बहुधा तेच वाचून मुलांना सांगतील. छपाई स्वच्छ आहे, अक्षर मोठे आहे, भाषा सोपी आहे. मजकुरातील दोन विधाने मात्र बदलायला हवीत. 'सर्व आफ्रिकी हत्तींना सुळे असतात' असे त्यात म्हटले आहे. आफ्रिकी हत्तींमध्ये नर आणि मादी दोघांनाही सुळे येतात हे सर्वसाधारणपणे खरे आहे आणि आशियाई हत्तीपासूनचा तो महत्त्वाचा फरक आहे, पण 'सर्व' हा शब्द तिथे चालत नाही. मोझांबिकमध्ये 1977 ते 1992 या काळात यादवी युद्ध चालू असताना गोरोंगोसा येथील हत्तींची हस्तिदंतासाठी प्रचंड कत्तल झाली. बिनसुळ्यांच्या माद्या त्यातून अधिक प्रमाणात वाचल्या, आणि त्यांचे प्रमाण सुमारे 18 टक्क्यांवरून सुमारे 50 टक्क्यांपर्यंत वाढले. हे उदाहरण कार्डावर दोन ओळींत दिले तर मुलांना शरीररचना स्थिर नसते, माणसाच्या वागण्याने ती काही पिढ्यांत बदलू शकते, हेही कळेल.

दुसरे विधान 'जगात हत्तीच्या दोन जाती आहेत' हे. आता तीन मानल्या जातात. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील हत्ती आणि मध्य व पश्चिम आफ्रिकेच्या दाट जंगलातील हत्ती या दोन वेगळ्या जाती असून, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2021 मध्ये त्यांचे मूल्यमापन प्रथमच स्वतंत्रपणे केले. गवताळ प्रदेशातील हत्ती संकटग्रस्त आणि जंगलातील हत्ती अतिसंकटग्रस्त ठरला. आपला आशियाई हत्तीही संकटग्रस्त आहे. जंगलातील आफ्रिकी हत्ती आकाराने लहान असतो, त्याचे कान तुलनेने लहान आणि गोलसर, सुळे अधिक सरळ आणि खालच्या दिशेने गेलेले, आणि नखे आशियाई हत्तीप्रमाणे पुढे पाच व मागे चार. म्हणजे कार्डावर नुसते 'आफ्रिकी हत्तीला नखे कमी' असे लिहिणेही अपुरेच. खेळण्यातला हत्ती गवताळ प्रदेशातील आहे एवढे जरी स्पष्ट लिहिले तरी काम भागेल.

कार्डावर दाढांचे चित्र नाही, याची मला खंत आहे. खेळण्याचे तोंड बंद असल्याने दाढा लाकडात दाखवता येणार नाहीत हे समजते, पण आफ्रिकी हत्तीच्या दाढेच्या पृष्ठभागावर शंकरपाळ्यांसारखे तिरके चौकोन दिसतात आणि आशियाई हत्तीच्या दाढेवर अरुंद, एकमेकींना चिकटलेल्या आडव्या कडा दिसतात, हा फरक शास्त्रज्ञांनी आफ्रिकी हत्तीच्या प्रजातीचे लोक्सोडोंटा हे नाव ठेवताना आधाराला घेतला इतका मूलभूत आहे. कार्डाची मागची बाजू कोरीच आहे. तिथे दोन दाढांची रेखाचित्रे सहज मावतील.

या सर्व गोष्टी मी दुकानदाराला सविस्तर सांगितल्या, आणि पुढे जे घडले त्यामुळे या परीक्षणाचा सूर बदलला. त्यांनी वाद घातला नाही, मला सरळ मागच्या पडवीत नेले. तिथे हे हत्ती घडवणारे मेस्त्री बसले होते. मोबाईलवर मी आफ्रिकी हत्तीचे बाजूने घेतलेले छायाचित्र दाखवले, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, असो हत्ती मी कधी बघूक नाय. चित्र हयच ठेवा, मी करतंय." मग त्यांनी एका तयार ठोकळ्यावर सुताराच्या पेन्सिलीने खांद्यापासून कमरेपर्यंत नवी रेषा ओढली, जुन्या फर्म्याच्या कमानीतून खाली उतरणारी, आणि तो खळगा किती खोल घ्यायचा हे विचारून पेन्सिलीच्या खुणा दोनदा खोडल्या. कपाळावरची पन्हळ काढायचीच नसल्याने तिथले काम उलट कमी झाले. माथा खाली घेतल्यावर मान आखूड वाटू लागली, म्हणून त्यांनी सोंडेचा उगम थोडा पुढे ओढला. ही सूचना माझी नव्हती, आणि ती अगदी बरोबर होती.

अडचण आली ती सोंडेच्या दोन बोटांची. पांगाऱ्याचे लाकूड मऊ असते, आणि सोंडेच्या टोकाशी त्याचे रेषे आडवे येतात, त्यामुळे वरचे बोट काढून खालचे काढायला घेतले की पहिले तुटत होते. शेवटी मेस्त्रींनी सोंडेचे टोक सुमारे दोन सेंटीमीटर कापून टाकले, तेवढाच तुकडा शिवणीच्या लाकडातून रेषे सोंडेच्या लांबीच्या दिशेने येतील असा घडवला आणि बारीक खुंटी घालून फेविकॉलने जोडला. रंग दिल्यावर सांधा दिसत नाही. दोन्ही बोटे स्पष्ट आहेत आणि मुलांच्या हाताळण्यात अजून शाबूत आहेत. या कामासाठी 350 रुपये जास्त घेतले गेले. ते मला वाजवी वाटले.

सुधारलेला आफ्रिकी हत्ती आता वर्गात आशियाई हत्तीच्या शेजारी उभा असतो, आणि कागदाने कान झाकण्याचा खेळ मुले आपण होऊन खेळतात. बाह्यरेखा पाहून उत्तर लगेच येते. एका मुलीने फूटपट्टी दोघांच्या पाठीवर आडवी ठेवून दाखवले की आशियाई हत्तीवर ती पाठीच्या मधोमध टेकून दोन्हीकडे डुगडुगते आणि आफ्रिकी हत्तीवर खांदा आणि कंबर अशा दोन ठिकाणी टेकून स्थिर राहते. ही परीक्षा माझ्या मनात आली नव्हती आणि कुठल्याही कार्डावरच्या वाक्यापेक्षा ती अधिक चांगली आहे. दुकानाने ती कार्डावर घ्यावी असे मी सुचवले आहे.

मुलांचा हमखास येणारा प्रश्न म्हणजे या दोघांचे पिल्लू होईल का. जंगलात ते एकमेकांना भेटतच नाहीत, पण इंग्लंडमधील चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात 1978 मध्ये आफ्रिकी नर आणि आशियाई मादी यांना एक पिल्लू झाले होते. ते वेळेआधी जन्मले आणि काही दिवसांतच दगावले. त्याच्या शरीरात दोन्हीकडच्या खुणा मिसळलेल्या होत्या: कान आफ्रिकी वळणाचे मोठे, सोंडेला मात्र आशियाई हत्तीसारखे एकच बोट, आणि नखेही आशियाई हत्तीप्रमाणे पुढे पाच व मागे चार. दोन्ही लाकडी हत्ती समोर असले की ही माहिती सांगताना मुले एकेका अवयवावर बोट ठेवून कोणते कुणाकडून आले ते स्वतःच ओळखत जातात, आणि वर्गातला तो तास दोन्ही हत्तींची किंमत वसूल करणारा असतो.

टिकाऊपणाबद्दल एक सूचना. आमच्याकडच्या पावसाळ्यात पांगाऱ्याला दमटपणा आणि भुंगेरे यांचा त्रास होतो. दोन्ही हत्तींच्या पायांचे तळवे रंगवलेले नाहीत आणि ओल तिथूनच आत शिरते. घेतल्यावर तळव्यांना वॉर्निशचे दोन हात स्वतः द्यावेत, किंवा दुकानातच देऊन घ्यावेत. कान मूळ खाचेत फक्त फेविकॉलने बसवलेले आहेत; लहान मुले हत्ती कानाला धरून उचलतात, तेव्हा तिथेही खुंटी घालून घेणे बरे. पहिलीच्या खालच्या मुलांना हे खेळणे देऊ नये, कारण सुळ्यांची टोके बरीच अणकुचीदार आहेत.

मागणी नोंदवताना 'सुधारलेला आफ्रिकी हत्ती, पाठ खोलगट, कपाळ एकाच गोलाईचे, सोंडेला दोन बोटे, नखे पुढे चार व मागे तीन' असे स्पष्ट लिहून द्यावे, नाहीतर जुन्या फर्म्यावरचा तयार नगच हाती पडेल, कारण तोच अजून मांडणीत ठेवलेला आहे. काम पूर्ण होण्यास साधारण तीन आठवडे लागतात. गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन महिने मेस्त्री गणपतीच्या शाळेत मूर्तींच्या कामात असतात आणि त्या काळात नवी मागणी घेतली जात नाही. शाळेसाठी घ्यायचे असेल तर जूनच्या आधी नोंदवावे किंवा सरळ दिवाळीनंतर जावे.